पासवर्ड लेखकास विचारावा

अप्पांचा उजवा गाल साफ झाला होता आणि डाव्या गालावर साबणाचा फेस तसाच होता, तेव्हा फोन वाजला. मान मागे टाकून ते न्हाव्याला आपली कादंबरी सांगत होते. या महिन्यात ती एका पाणबुड्याची होती. समुद्राच्या तळाशी त्याला एक सायकल सापडते आणि तिचं मागचं चाक अजून फिरत असतं. न्हाव्याचा वस्तरा त्या चाकापाशी हवेत थांबला होता, म्हणजे गोष्ट रंगली होती. अशा वेळी फोन घ्यायचा नसतो, पण घेतला. पलीकडे कोणी बाई होती, आवाज तरुण, बोलणं घाईचं. "काका, फ्लॉपी वाचली! म्हणजे उघडली नाही अजून, फाइलला पासवर्ड आहे. पण फाइल आहे." कुठली फ्लॉपी, असं अप्पांनी विचारलं. "अहो, तुमच्या मुलीनं आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आणून दिली ना मागे, जुनं कपाट रिकामं करताना सापडली म्हणून. तुम्हाला बोलल्या नाहीत? अगं बाई! मग तुम्हाला न सांगताच द्यायचं ठरलं होतं वाटतं. मीच फोडलं की!" अप्पांच्या ओठावरचा फेस तोंडात गेला. तो कडू लागला. "आहे म्हणजे," ते म्हणाले, "कितपत आहे?" "भरपूर, काका. फ्लॉपी जवळजवळ भरलेली आहे."

आहे. तीस वर्षं हा शब्द अप्पा एकटेच म्हणत आले होते. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तो ऐकायची ही पहिलीच खेप. खुर्चीतून ते असे उठले की न्हाव्याला वस्तरा डोक्यावर धरावा लागला. "अप्पा, अर्धी दाढी!" "राहू दे." "आणि ती सायकल?" "ती पण राहू दे!" गळ्यातलं कापड त्यांनी स्वतःच सोडलं, त्याच कापडाने फेस पुसला आणि रस्त्यावर आले, तेव्हा त्यांचं काळीज एखाद्या शाळकरी पोरासारखं उड्या मारत होतं. आहे, भरपूर आहे, जवळजवळ भरलेली आहे. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही त्यांनी हात केला. त्याने बिचाऱ्याने एक गाल गुळगुळीत आणि एक खुंटाळ पाहून रस्ता बदलला.

कारण असं होतं, की अप्पांनी एक कादंबरी लिहिली होती, हे जगात सगळ्यांना ठाऊक होतं. जावयाला पहिल्या भेटीतच ठाऊक झालं. बँकेतल्या मुलीला, दातांच्या डॉक्टरला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, तो लिफ्टच्या खड्ड्यात आणि अप्पा वर वाकलेले अशा अवस्थेत, ठाऊक झालं. कादंबरी पूर्ण होती, शेवटचं पान काय ते उरलं होतं. फ्लॉपीत होती, फ्लॉपी कुलूपबंद होती, आणि पासवर्ड विसरला होता. जो ऐकेल तो चुकचुकायचा. कोणाला ती कसरतपटूची सांगितली, कोणाला घड्याळं उलटी चालणाऱ्या गावाची. प्रत्येकाने एकदाच ऐकल्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही. एकट्या बायकोनेच सगळ्या ऐकल्या होत्या आणि ती एका शब्दाने कधी बोलली नव्हती. पुढे फ्लॉपी घालायची फट असलेली यंत्रंच बाजारातून नाहीशी झाली, तेव्हा अप्पांनी सुस्कारा टाकला. लोकांना तो हळहळीचा वाटला. खरं सांगायचं तर तो सुटकेचा होता. थाप पुन्हा पुन्हा मारली की नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होते. पण आठवणही पुन्हा पुन्हा काढली की तशीच गुळगुळीत होते. मग दोन्ही एकाच खिशात ठेवले, की नुसत्या बोटांनी चाचपून कुठला कुठला हे सांगता येत नाही. आपण ती कादंबरी खरंच लिहिली होती की नुसतीच सांगितली होती, हे अप्पांना आता कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आणि लिहिली नसेल, तर त्या संध्याकाळी कुठे गेल्या? मुलगी चार वर्षांची असताना एक अख्खं वर्ष ते ऑफिस सुटल्यावर घरी आले नव्हते. म्हणजे यायचे, पण ती झोपल्यावर. पाण्याचे पंप बनवणारी कंपनी. पंप कसा बसवावा, कसा वापरावा याच्या पुस्तिका अप्पा लिहायचे. आपल्या लिपीत लिहिता येईल असा संगणक ऑफिसात एकच, आणि तो मोकळा व्हायचा सगळे गेल्यावर. मग फाटकावरच्या फोनवरून ते घरी कळवायचे, "आज जरा बसतो. उद्या लवकर येतो." पलीकडून "बरं" यायचं. त्या "बरं"च्या मागे कधी भांड्याचा आवाज, कधी पोरीचं गाणं, कधी काहीच नाही. पुढे जावयाने एकदा गमतीने विचारलं होतं, "आई, तुम्ही वाचलीत का हो ती कादंबरी?" तेव्हा ती म्हणाली होती, "वाचली नाही, ऐकली. वर्षभर. जिन्यात पाऊल वाजलं नाही की समजायचं, कादंबरी चालू आहे." सगळे हसले. अप्पा सगळ्यात मोठ्याने हसले, आणि ते हसू कुसळासारखं कुठेतरी रुतून बसलं.

घरी बायको आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होती. "अहो, हे काय तोंड! न्हाव्याशी भांडलात?" "फ्लॉपी वाचली," अप्पा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "आहे. भरलेली आहे. मी जाऊन येतो." तिने डबीचं झाकण लावलं आणि चपला पायात घातल्या. "तू कशाला? मी सांगतो ना येऊन." "म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्ही एकटे गेलात तर मला संध्याकाळी वेगळंच काहीतरी ऐकायला मिळेल." हे खोटं नव्हतं. जिना चढता चढताच अप्पांच्या मनात एक चुंबक तयार होऊ लागला होता, दुकानातल्या कुठल्याशा यंत्रातला एक भलामोठा चुंबक. वेळ आलीच असती तर त्याने ऐनवेळी सगळी अक्षरं गिळली असती. आता साक्षीदार बरोबर निघाला म्हटल्यावर तो चुंबक त्यांना मुकाट्याने जिन्यातच सोडावा लागला.

रस्ताभर ती पुढे आणि ते मागे. सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या, काचांवर ऊन लखलखत होतं, आणि अप्पांच्या तळपायांना एकाएकी गार लागलं. ही ऑफिसातल्या त्या संगणकाच्या खोलीची फरशी. संगणकाला धूळ सोसत नाही म्हणून चपला दाराबाहेर काढून आत जायचं. यंत्रावर फुलाफुलांचं कापड. ते बाजूला केलं की काच राखाडी उजळायची. फ्लॉपी फटीत सारली की आधी खट्, मग खर्रर्र, मग कोणी दात खातंय तसा आवाज, मग शांतता. खिडकीबाहेर चाचणीच्या हौदात पंप रिकामे गुरगुरायचे. हे सगळं होतं. गार फरशी खरी होती. थापेला तळपाय नसतात. पण पडद्यावर काय होतं? तिथे आलं की सगळं पांढरं. अप्पा पांढऱ्याकडे डोळे ताणून बघत राहिले, आणि बायको मागे वळून ओरडली, "अहो, हिरवा झाला! चला की!"

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना मेलेली यंत्रं छतापर्यंत रचलेली, आणि त्यांच्या मधोमध कपाळावर भिंग बांधलेली ती तरुण बाई. केस तिने तारा बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीने आवळले होते. अप्पांना बघून तिचाच चेहरा असा फुलला, की जणू फ्लॉपी तिचीच. "काका, काय सांगू! आतल्या चकतीवर बुरशी आली होती. वरचं कवच कापलं, चकती धुतली, वाळवली, दुसऱ्या कवचात घातली. वाचायचं यंत्र कुठून आणलं, माहितीये? भरतकाम करणाऱ्या कारखान्यातून! त्यांच्या मशिनी अजून फ्लॉपीवरची नक्षी खातात." पडद्यावर एका चौकटीत पासवर्ड मागणारी रेघ उघडझाप करत होती. "आता तेवढं सांगा, की झालं." अप्पांनी घसा साफ केला. "पासवर्ड कुठे लिहिलाय ते मला पक्कं माहीत आहे," ते म्हणाले. "कुठे?" "फाइलच्या पहिल्या पानावर."

बाईने कपाळावरचं भिंग डोक्यावर सरकवलं. अप्पा म्हणाले, खरंच. आमच्याकडे एक जण फायलींना कुलपं लावून नोकरी सोडून गेला. मग मोठ्या साहेबांचा हुकूम निघाला, की यापुढे प्रत्येक फाइलचा पासवर्ड, विसरला जाऊ नये म्हणून, त्याच फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत नोंदवावा. "आणि तुम्ही नोंदवलात?" "सगळ्या ऑफिसने नोंदवला. साहेबांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या." बाई इतकी हसली, की मागची दोन यंत्रं हलली. बायको हसली नाही. तिने स्टूल ओढलं आणि बसली. "ही नेमकी थाप नाहीये, बरं का," ती बाईला म्हणाली. "ते साहेब मी पाहिलेत."

"असू दे, काका. जुनी कुलपं कच्ची असतात. माझ्याकडे ठेवून जा, यंत्र फोडेल एकदोन दिवसांत." "नको!" अप्पा इतक्या मोठ्याने म्हणाले, की त्यांचे तेच दचकले. फोडायचं नाही. कुलूप ज्याने लावलं त्याच्या हाताने निघालं, तरच तो लिहिणारा माणूस खरंच होता, असं त्यांना वाटत होतं. पण हे बोलून दाखवता येईना. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि त्या माणसाला शोधायला लागले. काळ्या केसांचा, बारीक, अनवाणी. तो काय टाकेल? मुलीचं नाव. नाही. बायकोचं, मग लाडाचं. नाही. गाजलेल्या पंपाचा नंबर. आपला जन्मदिवस, मुलीचा जन्मदिवस, बायकोचा. बायकोचा त्यांनी आधी चुकीचा सांगितला आणि तिने नुसतं वर बघितलं. नाही, नाही, नाही. प्रत्येक नकाराला संगणकातून ठण् असा आवाज यायचा, पण अप्पांचा उत्साह उलट वाढत चालला होता. अंधाऱ्या खोलीत एकेक वस्तू हाताला लागावी तसं ते वर्ष हाताला लागत होतं. चित्रं काढणाऱ्या सहकाऱ्याच्या कुत्र्याचं नाव आठवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरातली होडी आठवली. कापडावरची फुलं जांभळी होती हे आठवलं. "जांभळीफुलं टाका!" ते ओरडले. ठण्. "काका, तुम्ही रोज जे म्हणायचात असं काही?" बाईने विचारलं. "मी? मी रोज काही म्हणत नसे."

"म्हणत नसे!" बायको स्टुलावरून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रोज एकच तर म्हणायचे. टाक गं, उद्यालवकर." बाईने अप्पांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि टाकलं.

ठण् झालं नाही. चौकट नाहीशी झाली. क्षणभर तिघंही नुसती बघत राहिली, जणू दार उघडलं म्हणून आत जायलाच पाहिजे असं थोडंच आहे. मग बाईने टाळी वाजवली. "काकू!" बायको मात्र स्वतःच्याच हातांकडे बघत होती. तिने टोमणा मारला होता. तो थेट जाऊन बसला होता. अप्पांना आता तो दिसला. तो अनवाणी माणूस रोज फोन ठेवून, वर येऊन, त्याच शब्दाने हे दार उघडत होता. त्याला तेव्हा लाज वाटत होती, की त्याने गंमत केली होती? काही कळेना, पण माणूस होता. होता!

आणि मग पडद्यावर पाहिलं, तर नुसता काला. परकी अक्षरं, टिंबं, कंस, उलट्या रेघा, ओळीमागून ओळी, पानामागून पानं. "हे तर तुमच्या गोष्टींसारखंच दिसतंय," बायको म्हणाली. बाईने हात हलवला. घाबरू नका, अक्षरं नीट आहेत. त्या वेळचा फाँट या संगणकात नाही, म्हणून ती उघडी पडलीत, एवढंच. तिने जुन्या फाँटची पोतडी काढली. एक लावला: वेलांट्या आल्या, पण कानेमात्रे भलतीकडे लटकले. दुसरा लावला: सगळ्याच चौकटी. तिसरा लावला, आणि पडद्यावरचा तो दंगा एकदम थांबला. शाळेची घंटा होताच पोरं रांगेत उभी राहावीत तशी अक्षरं शिरोरेघेखाली उभी राहिली. पहिल्या पानावर, ठळक टायपात, साहेबांच्या हुकुमाप्रमाणे नोंद होती: या फाइलचा पासवर्ड लेखकास विचारावा.

बाईला हसून हसून ठसका लागला. अप्पाही हसणार होते, पण खालची ओळ दिसली. पंप सपाट व कोरड्या जागी बसवावा. त्याच्याखाली: चालू करण्यापूर्वी झडप बंद असल्याची खात्री करावी. दुसरं पान पंपाचं. तिसरं पान पंपाचं, आकृतीसाठी सोडलेल्या जागेसकट. पुस्तिका! वर्षभर एक माणूस संध्याकाळी पुस्तिका लिहीत बसला होता. कदाचित नुसताच बसला होता. बाईचं हसू हळूहळू विरलं. बायकोने पदराने चष्मा पुसला आणि परत घातला. तिने टोमणा मारला असता तर बरं, असं अप्पांना झालं. मग चौथ्या पानावर, पंपातून आवाज येत असल्यास या वाक्यानंतर, मध्ये एक ओळ न सोडता, वेगळंच काही सुरू झालं, आणि अप्पांना झटकन आठवलं. मागून कोणी डोकावलं तर वरती पंप दिसावा, म्हणून! "खाली चला, खाली!" ते बाईला म्हणाले, आणि मोठ्याने वाचायला लागले.

'पंपातून आवाज येत असल्यास ती मुलीला सांगते, तो समुद्र आहे. मुलगी टेबलाखाली बसते. टेबल म्हणजे जहाज. ती कंदील म्हणून चमचा धरते आणि विचारते, किनारा कधी येणार?' अप्पा वाचत होते आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटत होता. पाणबुड्या नव्हता. कसरतपटू नव्हता, उलटी घड्याळं नव्हती. दोन खोल्या होत्या, एक बाई होती आणि चार वर्षांची मुलगी होती. संध्याकाळ होती, ती संपली की दुसरी संध्याकाळ होती. बाई भात शिजवते, मुलीच्या वेण्या घालते, सोडते, पुन्हा घालते. मुलीला ताप येतो, बाई तिच्या कपाळावर गार चमचे ठेवते. बाई खिडकीशी उभी राहते. पानंच्या पानं. वाक्यं छोटी होती, सावकाश होती, आणि चांगली होती! देवाशपथ चांगली होती. लिहिलं होतं, मी लिहिलं होतं, हे खरंच आहे, या आनंदात अप्पा खुर्चीत अर्धे उभे राहूनच वाचत होते. दुकानात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, बाईने त्याला हातानेच थांबवलं. मग तेही ऐकत उभं राहिलं.

"थांबा, थांबा," बायको म्हणाली. "टेबल कुठे होतं आपल्याकडे?" अप्पा थांबले. "टेबल ती शाळेत गेल्यावर आणलं. आणि चमचे काय कपाळावर ठेवायचे असतात? आणि एवढं खिडकीशी उभी राहायला मला वेळ होता होय? तीनशे पानं ही बाई खिडकीशी उभी!" "अगं, ती तू नाहीस." "मग कोण?" तिने चष्मा काढला. ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती, आणि ते पाणी हसण्याचंच आहे की काय, हे अप्पांना सांगता आलं नसतं. "म्हणजे तुम्ही तिथे बसून हे लिहीत होतात. आम्ही घरी काय करत असू, ते." "हो." "रोज." "हो." "अहो," ती म्हणाली, "एवढंच बघायचं होतं, तर घरी यायचं होतं ना."

"त्याचं काय आहे," अप्पांनी सुरुवात केली. ही त्यांची नेहमीची सुरुवात. हिच्यामागे आजवर काही ना काही हजर झालंच होतं. ते वाट बघत राहिले. काही आलं नाही. छातीत आनंद तसाच धडधडत होता. त्याला कुठेतरी चीर गेली होती आणि तरी तो ओसरत नव्हता, उलट त्या चिरेतून जास्तच जोराने येत होता. ते परत पडद्याकडे वळले आणि मुकाट्याने शेवटच्या पानाशी गेले. शेवटच्या पानावर मुलगी झोपलेली असते. दारावर कोणाची तरी थाप पडते. 'बाई उठते,' अप्पांनी वाचलं. 'दाराशी जाते. कडी काढते आणि'.

पुढे पांढरं. "आणि?" बाई म्हणाली. "पुढे काय, काका?" उभं गिऱ्हाईक पण म्हणालं, "कोण असतं?" अप्पांनी तोंड उघडलं. तीस वर्षं ज्यांनी कधी शेवट अडू दिला नाही त्यांच्या जिभेवर शेवट नुसते गर्दी करून आले: नवरा असतो, तार घेऊन आलेला माणूस असतो, कोणीच नसतं. "यांना काय विचारता?" बायको म्हणाली. "हे नव्हतेच तिथे."

तिने स्टूल पुढे ओढलं, अगदी त्यांच्या खुर्चीला चिकटेपर्यंत. तिचा चेहरा अप्पांनी असा कधी पाहिला नव्हता. गोष्ट माहीत असलेल्या माणसाचा चेहरा आतून कसा दिसतो ते त्यांना पाठ होतं, बाहेरून तो त्यांनी आजच बघितला. त्यांना भीती वाटली, आणि इतकी उत्सुकता वाटली की बोटं आपोआप कीबोर्डवर गेली. "कोण यायचं गं?" त्यांनी विचारलं. "त्या वर्षी, दारावर?"

"आधी ते नीट करा. चुकीचं लिहिलंय."

"काय चुकलं?"

"लिहा," ती म्हणाली. "कडी काढली नाही. कडी लावलेलीच नव्हती."